जॅकला जे बोलता आलं नाही

एक रिकामा बार डोळ्यांसमोर आणा. कोलोरॅडोच्या डोंगरातलं मोठं हॉटेल हिवाळ्यासाठी बंद आहे. रस्ते बर्फानं अडलेत. फळ्यांवर एकही बाटली नाही, सीझन संपताना सगळी दारू हलवलेली आहे. उंच स्टुलावर एक माणूस येऊन बसतो. काउंटरपलीकडे कुणी नाही, तरी तो लॉइड नावाच्या बारमनला हाक मारतो, गप्पा सुरू करतो आणि ऑर्डर देतो : वीस मार्टिनी. न पिता काढलेल्या प्रत्येक महिन्याची एक, आणि वर आणखी एक.

पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. स्टीफन किंगची 'द शायनिंग' वाचली नसली तरी सिनेमा पाहिला असेल. पण आत्ता पुढं जायचं नाही. या ऑर्डरपाशीच जरा बसू या. हा जॅक टॉरन्स महिने मोजतोय. दीड वर्षाहून अधिक काळ त्यानं थेंबाला हात लावलेला नाही. लोक त्याला दारू सुटलेला माणूस म्हणतील. मग त्याच्या मनात हा हिशेब कसला चाललाय?

सावकाश पाहिलं की दिसतं, तो येणं मोजतोय. प्रत्येक कोरडा महिना त्याच्या वहीत जगाच्या नावावर लिहिलेला आहे. मी एवढं सोसलं, आता माझं मला द्या. त्याची दारू बंद झाली आहे, पिणं मात्र संपलेलं नाही. ते पुढं ढकललंय, आणि ढकललेल्या प्रत्येक महिन्याबरोबर ते वाढतंय.

तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का? घरातच असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल. नाव उच्चारायची गरज नाही. त्या माणसाला मनात शेजारी बसू द्या आणि मग पुढं वाचा.

जॅकनं दारू का सोडली? दारूच्या तारेत त्यानं आपल्या लहान मुलाचा, डॅनीचा, हात मोडला. मुलानं कागद विस्कटले होते, एवढंच. तेव्हाही ती सुटली नाही. पुढं एका रात्री दोस्ताबरोबर गाडीतून जाताना चाकांखाली एक लहान सायकल आली. मूल कुठंच सापडलं नाही, पण त्या रात्रीनं दोघांनाही हादरवलं आणि त्यानंतर त्यानं पिणं थांबवलं. तो कुठल्या गटात गेला नाही, कुणापाशी मोकळा झाला नाही. बायको वेंडी गप्प राहून त्याच्याकडे पाहत असते आणि तो तिच्या त्या पाहण्यावरच चिडतो. ओठ पुन्हा पुन्हा पुसतो. डोकेदुखीच्या गोळ्या पाण्याशिवाय कडाकडा चावतो. दारू नसलेल्या दारूड्याचं शरीर ज्यानं जवळून पाहिलंय, त्याला या बारकाव्यांपाशी अंगावर काटा येईल. एवढं अचूक कुणी ऐकून लिहीत नाही.

1977 साली 'द शायनिंग' छापून आली तेव्हा किंग तिशीच्या आत होता आणि भरपूर पीत होता. 'ऑन रायटिंग' या आपल्या पुस्तकात त्यानं पुढं कबूल केलं की जॅकच्या रूपात आपण स्वतःबद्दलच लिहितोय, हे त्याला लिहिताना कळलंच नव्हतं. इथं मला थांबावंसं वाटतं, कारण ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. हाताला माहीत होतं आणि हात ज्याचा होता त्याला माहीत नव्हतं. कादंबरीतला माणूस काय सोसतो हे तो पानोपानी सांगत होता, आणि पान उलटून ठेवलं की फ्रिजकडे जात होता.

त्याला कळलं ते कुठल्याही पुस्तकातून नाही. तो राहतो त्या मेन राज्यात रिकामे डबे आणि बाटल्या परत घेण्याचा कायदा आला, म्हणून त्याचे बिअरचे डबे गॅरेजमधल्या एका मोठ्या पिंपात साठायला लागले. सोमवारी रिकामं असलेलं पिंप गुरुवारी जवळपास भरलेलं त्यानं पाहिलं. घरात बिअर पिणारा तो एकटाच होता. आपण दारूडे आहोत हा विचार तेव्हा त्याच्या मनात स्पष्ट उमटला. आणि तरीही तो पुढं कित्येक वर्षं पीत राहिला. बिअरवर कोकेनची भर पडली. 'कुजो' ही 1981 ची कादंबरी लिहिल्याचं आपल्याला जेमतेम आठवतं, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

कळणं आणि सुटणं यांच्यामधली ही वर्षं घाईनं ओलांडू नका. बाहेरून पाहणाऱ्याला ती सर्वांत दुखतात. 'एवढं शिकलेला माणूस, याला समजत कसं नाही?' असं आपण म्हणतो. त्याला समजलेलं असतं. समजल्यावर त्याच समजेपासून पळण्यासाठी तो आणखी पितो.

म्हणूनच 'द शायनिंग'मध्ये जॅकला बाहेर पडायला दार नाही असं मला वाटतं. दार लिहायचं तर ते एकदा तरी पाहिलेलं असावं लागतं. तहान किंगला नसानसांतून ठाऊक होती, तिथं तो कुठंही खोटं बोलत नाही. पण तहान लागलेला माणूस रात्री अकरा वाजता काय करतो, कुणाला फोन करतो, सकाळी उठून कुठं जातो, हे त्याच्याजवळ नव्हतं. त्याच्याजवळ होती फक्त जिद्द, आणि जिद्दीचं काय होतं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. हॉटेलच्या तळघरात एक जुना बॉयलर आहे. त्यातली वाफ रोज वेळेवर सोडावी लागते. ते काम जॅककडेच आहे. अखेर तो विसरतो आणि हॉटेल उडतं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात किंगची बायको टॅबिथा हिनं घरच्यांना आणि मित्रांना जमवलं आणि त्याच्या खोलीतल्या कचऱ्याची पिशवी सगळ्यांसमोर गालिच्यावर रिकामी केली. बिअरचे डबे, सिगरेटची थोटकं, कोकेनच्या छोट्या बाटल्या, चिंता शमवणाऱ्या गोळ्या, खोकल्याचं औषध, अगदी माउथवॉशसुद्धा. मदत घे, नाहीतर घराबाहेर हो, असं तिनं सांगितलं. आमचं तुझ्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच तुला डोळ्यांदेखत मरताना आम्ही पाहणार नाही, असंही.

त्याची भीती वेगळीच होती. पिणं गेलं तर लिहिणंही जाईल अशी ती भीती. त्यानं मनाशी तोलून पाहिलं आणि ठरवलं, लिहिणं गेलं तर जाऊ दे, संसार आणि मुलांचं मोठं होणं पाहायला मिळू दे. लिहिणाऱ्या माणसानं हे म्हणणं किती अवघड आहे, याचा जरा अंदाज घ्या. आपल्याकडेही कवी, गायक, नट यांच्या पिण्याला कलेचा खर्च समजून माफ करण्याची चाल आहे. मैफलीनंतरच्या बाटलीभोवती किती किस्से फिरतात. त्या किश्शांमध्ये घरी जागी बसलेली बायको सहसा नसते. किंगनं ही सगळी समजूत खोटी आहे असं स्वच्छ लिहिलंय. दारूडे लेखक इतर दारूड्यांसारखेच असतात, वर कोणतंही कोंदण नाही.

त्यानं आपलं लिहिण्याचं टेबलही बदललं. पूर्वी खोलीच्या मधोमध एक अवाढव्य ओक लाकडाचं टेबल होतं आणि त्यामागं तो सहा वर्षं नशेत बसला. सुटल्यावर त्यानं ते काढून टाकलं, उतरत्या छताखाली कोपऱ्यात एक लहान टेबल लावलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मुलं पिझ्झा खायला आणि टीव्ही पाहायला येऊ लागली. सुटका झाल्यावर कादंबरीत काय बदलतं याचं उत्तर मला या खोलीत सापडतं. मधली जागा रिकामी होते आणि तिथं दुसरी माणसं येऊन बसतात.

पण ते लगेच पुस्तकात येत नाही. जॅकच्या मुलाची गोष्ट, 'डॉक्टर स्लीप', 2013 साली आली. 'द शायनिंग'नंतर 36 वर्षांनी, आणि किंग स्वतः सुटल्यानंतर जवळजवळ पाव शतकानं. जॅकनं एकट्यानं मुठी आवळून तग धरण्याऐवजी अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची वाट धरली असती तर काय झालं असतं, या प्रश्नातून हे पुस्तक आल्याचं त्यानं सांगितलंय. प्रश्न जुना होता. उत्तर लिहायला त्याला तेवढे दिवस जगून काढावे लागले असावेत.

नुसतं सुटणं पुरत नाही याचा दाखला चार्ल्स जॅक्सनचा आहे. 1944 ची त्याची 'द लॉस्ट वीकएंड' ही दारूवरची मोठी कादंबरी. ती लिहिताना जॅक्सन पीत नव्हता, त्याला सोडून बरीच वर्षं झाली होती. तरी त्याचा नायक डॉन बर्नम शेवटी सुटत नाही, पुढच्या फेरीची तयारी करूनच तो अंथरुणात शिरतो. पुढच्या वर्षी बिली वाइल्डरनं त्यावर सिनेमा काढला तेव्हा डॉन व्हिस्कीच्या पेल्यात सिगरेट विझवतो आणि कादंबरी लिहायचं ठरवतो. प्रेक्षकांना ते आवडलं, सिनेमाला ऑस्कर मिळालं. मला जॅक्सनचा शेवट जास्त खरा वाटतो. त्यानं स्वतः सोडली होती, पण एकट्यानं टिकवून धरलेली होती, आणि त्यामुळे डॉनला देण्याजोगं त्याच्याजवळ काही नव्हतं. डॉनच्या सुटकेची कादंबरी लिहायचं त्याच्या मनात पुढं वर्षानुवर्षं होतं. ती पुरी झाली नाही, आणि दारू आणि गोळ्या त्याच्याकडे परत आल्या. त्याच्याबद्दल कठोर व्हायची इच्छा होत नाही. त्यानं जे पाहिलं तेच लिहिलं.

मराठी वाचकाला हा शेवट परका नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'नं आपल्याला सुधाकर दिला, आणि दारूड्याची गोष्ट म्हटलं की शंभर वर्षं आपण त्याच वाटेनं विचार करत आलो. पहिला प्याला, घसरण, बायको सिंधूचे हाल, मरण. परतीची वाट आपल्या कल्पनेत फारशी नाही. आपल्याकडे दारू सोडायची रीत म्हणजे शपथ. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, नाहीतर देवापुढं नारळ ठेवून. शपथ एकट्याची असते, मोडली की तोंड लपवावं लागतं. माळ घालणं मात्र वेगळं. माळेबरोबर एकादशी येते, दिंडी येते, दर वर्षी बरोबरीनं चालणारी माणसं येतात. तुळशीच्या मण्यांनी अनेकांची दारू सुटली असं म्हणतात, त्यात त्या चालणाऱ्या माणसांचा वाटा केवढा, याचा विचार करून पाहा. पुण्यात 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथंही कालचे पेशंट पुढं कार्यकर्ते झाले. ज्याचे हात थरथरून गेलेत, त्याच्याच हातातला चहाचा कप नवा माणूस विश्वासानं घेतो.

आता डॅनीकडे येऊ. तो मोठा झालाय, डॅन झालाय आणि बापासारखाच पितोय. एका सकाळी तो अनोळखी बाईच्या घरी जागा होतो. टेबलावर कोकेन सांडलेलं. तिचं लहान लेकरू दुडदुडत येतं आणि ती पांढरी पूड खाऊ समजून तिच्याकडे हात पसरतं. डॅन त्या बाईच्या पाकिटातले पैसे काढतो आणि निघून जातो. एवढीच गोष्ट. खून नाही, भूत नाही. भयकथांचा बादशहा म्हणवणाऱ्या लेखकानं आपल्या नायकाच्या आयुष्यातलं सर्वांत भयंकर पान हे ठरवलं. पीत असलेला किंग ही निवड करू शकला असता असं मला वाटत नाही. जॅकचं भय हॉटेलात होतं, बाहेर होतं. डॅनचं भय त्यानं स्वतः केलेल्या एका हलक्या कृत्यात आहे, आणि ते ऐकायला कुणी जमलेलं नाही.

भटकत तो न्यू हॅम्पशरमधल्या फ्रेझर गावात येतो. केसी किंग्जली त्याला काम देतो. केसी स्वतः जुना दारूडा, आता कित्येक वर्षं सोबर. पुढं तोच डॅनचा स्पॉन्सर होतो, म्हणजे रात्री-अपरात्री फोन करायचा हक्काचा माणूस. त्यानंतर जे येतं ते वाचताना वाचक कंटाळेल अशी भीती लेखकाला वाटली नाही, याचं मला कौतुक आहे. मीटिंग, घडीच्या खुर्च्या, पाणचट कॉफी, पुन्हा मीटिंग. डॅनला मरणपंथाला लागलेल्यांच्या आश्रमात नोकरी मिळते आणि तो शेवटच्या तासांत त्यांच्याजवळ हात धरून बसतो. त्याच्याजवळ अद्भुत शक्ती आहे, पण ती त्याची दारू सोडवत नाही. दारू सुटते ती मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी.

अशी दिवसादिवसानं होणारी सुटका अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हरकडेही दिसते. त्यानं 2 जून 1977 ला पिणं थांबवलं. नंतर लिहिलेल्या त्याच्या एका कथेत दोन माणसं व्यसन सोडवण्याच्या घराच्या ओसरीत बसलेली आहेत. तिथं टायनी नावाच्या एका माणसाला नाश्त्याच्या वेळी अचानक झटका येतो आणि निवेदक मनातून हादरतो, उद्या आपलंही हेच. (हे कथेपुरतं नाही. रोज खूप पिणाऱ्यानं एकाएकी बंद केलं तर पहिल्या दोनेक दिवसांत असे झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी.) पण कथेचं मन दुसरीकडे आहे. जेपी नावाचा धुराडी साफ करणारा आपली हकिगत सांगतोय आणि निवेदक म्हणतोय, थांबू नकोस, बोलत राहा. त्याला स्वतःचं काही सांगता येत नाही, ऐकता येतं. शेवटी तो खिशातली नाणी चाचपतो आणि कुणाला फोन करावा याचा विचार करतो. सुटला की नाही, कथा सांगत नाही. ज्याला रोज नव्यानं सोबर व्हावं लागतं, त्या लेखकाला 'आणि तो कायमचा सुटला' असं वाक्य हातून उतरणं कठीण आहे.

इथं पुस्तक मिटल्यासारखं करा. तुम्ही शेवटचं कधी कुणाला असं 'बोलत राहा' म्हणालात? उपदेश न करता, मध्येच आपली गोष्ट न घुसवता? उत्तर शोधू नका. त्या माणसाचा चेहरा आठवला तर पुरे.

'डॉक्टर स्लीप' 'द शायनिंग'इतकी घाबरवत नाही, हे वाचकांचं म्हणणं मला मान्य आहे. तिच्यातले राक्षस मुलांची शक्ती पिऊन जगतात आणि पुढंपुढं फिके पडतात. पण सोबर लेखक कमी तीव्र लिहितो, हा यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तीव्रता सरकली आहे. जुन्या पुस्तकात ती बारमध्ये होती, इथं ती खुर्च्यांच्या वर्तुळात आहे.

कारण डॅन वर्षानुवर्षं मीटिंगला जातो, नव्यांना मदत करतो, आणि तरी त्या लेकराची गोष्ट सांगत नाही. बाकी सगळं सांगतो. आपल्यातल्या पुष्कळांचं असंच असतं, दहा गोष्टी कबूल करून अकरावी जपायची. त्याला पंधरा वर्षं पूर्ण होतात. एए मध्ये हा दिवस वाढदिवसासारखा पाळतात. डॅन उभा राहतो आणि ते पैसे, ती बाई, ते पसरलेले चिमुकले हात, सगळं बोलून टाकतो. आभाळ कोसळत नाही. कोसळणार कसं? त्या खोलीतल्या प्रत्येकाजवळ त्याचं त्याचं एक लेकरू आहे.

वीस मार्टिनींची ऑर्डर आठवा. जॅकही महिने मोजत होता आणि या खोलीतली माणसंही दिवस मोजतात. जॅकनं मोजलेलं जगाकडून येणं होतं. इथं मोजलेला दिवस मिळालेला आहे, आणि तो उद्या येणाऱ्या नव्या माणसाला दाखवायचा आहे : बघ, एवढे निघतात.

पुस्तकाच्या अखेरीस डॅन अ‍ॅब्राशी बोलतो. अ‍ॅब्रा ही किशोरवयीन मुलगी, त्याच्याच शक्तीची. ती जॅकची नात आहे हे त्याला उशिरा कळलंय. तिला राग आवरत नाही. एका पार्टीत तिनं दारूही चाखलीय. डॅन तिला दरडावत नाही, शपथ घालत नाही. तिच्या आजोबांना राग कसा यायचा, रागावर त्यांनी कुठलं औषध शोधलं होतं आणि त्याचं काय झालं, हे तो तिला सांगतो. तो राग आपल्यातही आहे हे सांगतो. हे सगळं जॅकला डॅनीला सांगता आलं असतं, त्या हॉटेलात दोघांजवळ अख्खा हिवाळा होता.